हत्ती रंगवायचा राहिला

मागच्या प्रदर्शनानंतर एका तरुण मुलानं पेपरात लिहिलं की पद्माताईंच्या हाताला कुंचल्याची शिस्त नाही. कात्रण माझ्या भाचीनं आणून दाखवलं, आणि मला वाईट वाटेल म्हणून लगेच चहा टाकायला आत गेली. मला वाईट वाटलं नाही. शिस्त नाही हे खरंच आहे. हातात कुंचलाच नाही, तर त्याची शिस्त कुठून येणार? आयुष्यभर मी जलरंगात चित्रं काढली ती कापडाच्या चिंध्यांनी, काडीला सुताचा दोरा गुंडाळून आणि उरलेलं बोटांनी. लोक आपापल्या परीनं याची कारणं शोधतात. कुणाला वाटतं घरची गरिबी होती. ती नव्हती. कुणी मला प्रयोगशील म्हणतं, आणि तो शब्द ऐकला की मी पदर तोंडाला लावून हसून घेते. एका बाईंनी तर माझ्या सांध्यांची चौकशी केली होती. खरं कारण सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही, म्हणून आता या वयात ते लिहूनच ठेवते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर चित्रं आहेतच भिंतीवर.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत होतं. पहाटे सगळ्यात आधी तालमीतले शड्डू ऐकू यायचे, मग दुधाच्या किटल्या, आणि मग आमच्या घरामागच्या परड्यातल्या आडाचा रहाट. रहाट ओढणारी आक्का. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लगेचच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती आमच्या घराची मालकीण होऊनच. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, चांदीचं दुकान होतं आणि तिथं त्यांचा शब्द चालत असेल. घरात आक्काचा चालायचा. आम्ही जैन. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही, हे सगळ्यांच्याच घरी होतं. पण आक्काचं पाणी गाळणं बघायला शेजारच्या बायका यायच्या. तांब्याच्या हंड्यावर ती दुहेरी जाड सुती कापड बांधायची. त्याला आम्ही गाळणं म्हणतो. पाणी ओतायची तेही धार न करता, कडेनं. ओतून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं खळबळायची, आणि कापडाला चिकटलेले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या खळबळलेल्या पाण्यासकट पुन्हा आडात सोडायची. वरून फेकायचं नाही, पोहऱ्यानं तळापर्यंत नेऊन सोडायचं. त्यांचं घर त्यांना परत द्यायचं, असं ती म्हणायची. माझ्या वाटणीला तो पोहरा खाली सोडायचं काम होतं. दोर हातातून सुटला तर माझी धडगत नसे.

दुसरी गोष्ट नियमाची. आमच्याकडं नियम घेतात, म्हणजे एखादी गोष्ट सोडतात. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, मूर्तीसमोर हातात नारळ घेऊन उभं राहायचं आणि काय सोडलं ते स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं म्हणायचं. एकदा म्हटलं की झालं, मग तो मोडायचा नाही. अण्णांनी वांगं सोडलं होतं. आईनं, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, दर वर्षी काही ना काही सोडलेलं असायचं, आणि आक्कानं तर इतकं सोडलं होतं की तिला जेवायला बोलावणाऱ्याची पंचाईत व्हायची. मी लहान असताना फार गंभीर चेहरा करून कारलं सोडलं होतं. आक्कानं बस्तीतून घरी येईपर्यंत माझा कान धरला होता. "नावडतं सोडत्यात व्हय गं? गोड लागतंय ते सोडायचं असतंय." ही तिची शिकवण मी विसरले नाही. पुढं ती माझ्यावरच उलटली.

चित्रं काढायला मला कुणी शिकवलं नाही. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, तसं घडलं म्हणून सांगते. कोल्हापुरात त्या काळी प्रत्येक गल्लीत एक पैलवान आणि एक पेंटर असायचा, आणि पेंटर म्हणजे तैलरंगवाला. फेटे, मिशा, चांदीच्या मुठीच्या काठ्या, हुबेहूब. घराघरात तसल्या तसबिरी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पेंटरमामा पाट्या आणि तसबिरी रंगवायचे. मी त्यांच्या दारात उभी राहून बघायची, आणि ते मला सांगायचे की पाण्याचा रंग पोरीबाळींचा, दिवाळीच्या पणतीवर लावायचा. खरा रंग तेलात. त्यांचं काम मला आवडायचं, पण तो तेलाचा रंग ठेवला तिथं बसायचा. मला तो आज्ञाधारकपणा कंटाळवाणा वाटायचा. मी रंग पाहिला होता तो धुण्याच्या बादलीत. अव्वा पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची. निळीचा एक थेंब पाण्यात पडला की तो कुणाचं न ऐकता खाली जायचा, मधेच वळायचा, पसरायचा, आणि अव्वानं हात घालून ढवळेपर्यंत त्याचं त्याचं काहीतरी चाललेलं असायचं. अव्वाला हात घालू देऊ नये असं मला वाटायचं. सुट्टीत आम्ही हुपरीला मामाकडं जायचो. तिथं घराघरात पैंजणांचं काम. दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात ठोकण्याचा बारीक आवाज, रिठ्याच्या पाण्याचा वास, आणि मामी चांदीच्या एवढ्याशा फुलात हिरवा-निळा मीना भरत बसलेली. मामीनं मला सांगितलं होतं की रंग भरण्यापेक्षा कुठं भरायचा नाही हे बघ, चांदी तिथंच दिसते. बाईला बहुतेक आपण काही शिकवतोय हे माहीतही नव्हतं.

मग मी घरातल्या घरात सुरू केलं. नीळ, हळद, काव, दिव्याची काजळी. कागद म्हणजे अण्णांच्या दुकानात पैंजण गुंडाळून यायचे तो. कुंचला म्हणजे दातांनी चावून पिंजारलेली कडुनिंबाची काडी. पत्र्यावरचं ऊन, हंड्याची कड, परड्यातला पेरू आणि त्यावर नाचणाऱ्या खारी, जे दिसेल ते. किती कागद फुकट गेले त्याला हिशेब नाही. ओल्या कागदावर रंग टाकला की पळतो, वाळल्यावर टाकला की थांबतो, आणि अर्धवट वाळल्यावर टाकला की कोबीच्या पानासारख्या कडा उठतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर एका दुपारीत कळलं असतं. मला दोन पावसाळे लागले. पण जे कळलं ते माझं होतं. पांढरा रंग माझ्याकडं नव्हताच, त्यामुळं पांढरं दाखवायचं तर तिथला कागद कोरा सोडावा लागे. बाकीच्यांकडं पांढऱ्याची बाटली आहे म्हणून मी पुष्कळ दिवस जळत होते. नंतर एकदा सायीचं भांडं काढताना लक्षात आलं की कोऱ्या कागदाइतका उजेड कुठल्याच बाटलीत नसतो.

शाळेतल्या देसाई सरांनी माझी ती पैंजणाच्या कागदावरची चित्रं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला दोन वस्तू दिल्या. एक मोठा जाड खडबडीत कागद आणि एक कुंचला. तो कुंचला मी आयुष्यात विसरणार नाही. पाण्यात बुडवला की पोट भरून पाणी घ्यायचा आणि टोक मात्र सुईसारखं राहायचं. एका दमात आभाळ घालावं आणि त्याच टोकानं खारीची मिशी काढावी. चावलेल्या काडीनं इतकी वर्षं झगडल्यावर मला तो हातात जडवलेला दागिनाच वाटला. मी त्याला तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायची. टोक नीट यावं म्हणून ओठांत धरून ओढायची, तशी सवयच लागली. आक्का हे बघायची आणि म्हणायची की पोरगी भात सोडून दांडकं चघळती.

त्या वर्षी दशलक्षणाच्या, म्हणजे भाद्रपदातल्या आमच्या उपासांच्या, पर्वासाठी बस्तीत सोळा स्वप्नांचं चित्र लावायचं ठरलं. तीर्थंकरांच्या मातेला पडलेली ही स्वप्नं. हत्ती, बैल, सिंह, माळा, चंद्र, सूर्य, मासे, सरोवर, समुद्र, शेवटी धूर नसलेला अग्नी. आधीचं छापील चित्र वाळवीनं खाल्लं होतं. बायकांनी आक्काला विचारलं की तुमची पद्मी काढंल का, आणि आक्कानं मला न विचारता हो म्हणून टाकलं. मी तो जाड कागद काढला. पर्वाच्या त्या दिवसांत मी आक्काच्या बरोबरीनं एक वेळ जेवत होते. दुपारी एकदा मुगाची आमटी, भात आणि शेंगांची चटणी, की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. पोटात भूक आणि हातात तो कुंचला. रंगवायचं पाणीसुद्धा गाळलेलं. समुद्र एका ओल्या हातात झाला. अग्नीला धूर नाही तर त्याची धग कशी दाखवायची यात दोन दिवस गेले, मग सभोवतालचं अंधारून टाकलं आणि अग्नी आपोआप पेटला. आणि सगळ्यात पहिला, सगळ्यात मोठा, तो इंद्राचा पांढरा हत्ती मी कोरा सोडला. नुसता भोवतीनं निळसर सावलीचा हात फिरवला. कागदाचा हत्ती झाला. मी त्याच्यासमोर कितीतरी वेळ नुसती बसून होते.

चित्र बस्तीत लागलं. पेठेतल्या बायका आल्या, बघितलं, नमस्कार केला. चांगलं म्हणाल्या. आणि जवळजवळ प्रत्येकीनं जाताना मला तेच सांगितलं की बाकी झक्क झालंय, तेवढा हत्ती रंगवायचा राहिला. मी समजावून सांगितलं. पहिल्या चौघींना सांगितलं, मग सोडून दिलं. आक्काही रोज पूजेची थाळी घेऊन जाताना थांबायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "हत्ती ऱ्हायलाय गं, येळ काढून उरक ते." तरी तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तिच्या घरातल्या पोरीचं चित्र देवासमोर होतं.

पर्व संपायच्या आधी देसाई सर घरी आले. मला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवायचं, पुढं कलाशाळेत घालायचं, हे अण्णांना सांगायला. आक्कानं त्यांना सोप्यात बसवून राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी दिलं. सर खुशीत होते. म्हणाले, मी तिला साधा ब्रश दिलेला नाही, तो खारीच्या शेपटीच्या केसांचा आहे, म्हणून तर असलं काम होतं. मी दारात उभी होते. आक्काच्या हातात तांब्या होता, तो तिनं हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "मेलेल्या खारीच्या का जित्त्या?"

"आक्का, जित्ती खार शेपूट देती व्हय?" असं म्हणून सर हसले. त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती की आपण काय बोललो.

कुणी मला विचारलं नाही, आजही विचारत नाही, म्हणून सांगते. त्या क्षणी आक्काच्या आधी ते मला टोचलं. परड्यातल्या पेरूवर ज्यांच्या मागं मी दिवसदिवस चित्र काढत फिरले, त्यांची शेपटी मी उपासाच्या दिवसांत ओठांत धरत होते. मी मोरीत जाऊन चुळा भरल्या, तोंड कोरडं पडेपर्यंत भरल्या. उशाखालून कुंचला आणून सरांच्या हातात दिला. ते गोंधळून घेऊन गेले. माझ्यापुरतं तिथं प्रकरण संपलं होतं. मी पुन्हा त्याला हात लावणार नव्हते, आणि त्यासाठी मला कुणी सांगायची गरज नव्हती. आक्काचं मात्र सुरू झालं.

चित्र त्याच संध्याकाळी उतरवून घरी आणलं. देवाचं चित्र फाडता येत नाही, जाळता येत नाही. आक्कानं परड्यात मोठं घंगाळ मांडलं, त्यात गाळलेलं पाणी ओतलं आणि कागदाचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं तिनं धरलं. तिला ते पाण्यात विरघळवून टाकायचं होतं आणि पाणी पारिजातकाच्या बुडाशी घालायचं होतं. कागद बुडाला. आधी निळा गेला, समुद्रासकट. मग आक्का तळहातानं चोळत गेली तसे सूर्य, माळा, सिंहाची आयाळ, सगळं पाण्यात उतरलं. हळद मात्र हट्टी, तिचे डाग राहिले. पाण्यात ते सगळे रंग फिरत होते आणि मी रडत होते, पण डोळे मिटायला तयार नव्हते. तसा रंग मी पुन्हा कधी बघितला नसता. सगळ्यात शेवटी हत्ती उरला. त्याला काही झालंच नव्हतं. रंग लावलेलाच नव्हता तर जाणार काय? आक्का त्याच्यावर दोनदा हात फिरवून थांबली. पाणी तिनं पारिजातकाला घातलं. ओला कागद मी काही न विचारता उचलला आणि दोरीवर वाळत घातला. तिनं घंगाळ पालथं घातलं.

रात्र पडायच्या आत बाकीच्यांची जेवणं झाली आणि आक्कानं निकाल सांगितला. पद्मीनं उद्या बस्तीत नियम घ्यायचा. चित्र काढायचं कायमचं सोडायचं. मी म्हटलं, कुंचला तर गेलाच आहे. ती म्हणाली, कुंचला आज गेला, उद्या दुसरा येईल; आवडच ठेवायची नाही. "तुला सगळ्यात गोड काय हाय? त्येच सोडायचं असतंय." अण्णा खाली मान घालून सुपारी कातरत होते.  मी त्यांच्याकडं बघत राहिले, ते कातरत राहिले. नियम म्हणजे काय हे वाचणाऱ्याला आता माहीत आहे. मी उद्या ते शब्द उच्चारले असते तर मी रंगाला पुन्हा कधीही हात लावला नसता, कारण मीही त्याच घरातली होते, मोडणं माझ्याच्यानं झालं नसतं. ओरडा, मार, शाळा बंद, सगळ्यातून वाट निघते. नियमातून निघत नाही. मला भीती होती ती आक्काची नाही, माझी.

सकाळी अव्वानं माझी वेणी घातली. ही माझी आई आख्ख्या आयुष्यात नणंदेच्या पुढं बोलली नाही. वेणीचा शेवटचा पेड घालताना ती एवढंच म्हणाली, "नारळ आक्का दील हातात. पर तोंड तुजं हाय." मला त्या वेळी ते कळलं नाही, बस्तीच्या पायरीवर कळलं.

वाटेत आक्कानं माझ्याकडून शब्द घोकून घेतले. आजपासून रंगाला हात लावणार नाही, एवढंच म्हणायचं. बस्तीत पाच-सहा बायका होत्या, खांबाला टेकून अण्णा होते, आणि पूजा करणारे पंडित. वयस्क माणूस, कमी बोलणारा. भिंतीवर माझं चित्र होतं तिथं रिकामा खिळा. आक्कानं नारळ माझ्या हातात ठेवला आणि मागं सरली. आता तिला मधे बोलता येणार नव्हतं, रीतच तशी. नियम घेणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुसऱ्या कुणी काढायचे नसतात. इतकी धर्म जाणणारी बाई, पण माझ्या हातात नारळ देताना तिच्या हे ध्यानात आलं नाही. मी मूर्तीकडं बघितलं. नारळ घट्ट धरला.

"आजपास्नं केसाचा कुंचला हाताला लावणार न्हाई," मी म्हटलं. "जल्मात न्हाई. आणि रंग सोडणार न्हाई. जल्मात न्हाई."

मागं बायकांत कुजबुज झाली. आक्का पुढं आली, म्हणाली की हे ठरलं नव्हतं, पोरगी घाबरली, तिला पुन्हा म्हणू द्या. पंडितांनी माझ्याकडं बघितलं. विचारलं, घाबरलीस का. मी नाही म्हटलं. "हातात नारळ तिच्या हाय, आक्का," ते म्हणाले. "नियम झाला." असं म्हणून त्यांनी नारळ घेतला आणि देवापुढं ठेवला. आक्कानं माझा दंड धरला, तिथंच, सगळ्यांसमोर, आणि रंग सोडायला काय जातंय तुझं असं विचारलं. मी सांगितलं की नीळ तुझ्या धुण्याची, हळद तुझ्या डब्यातली, काव तुझ्या अंगणाची, काजळी देवाच्या दिव्याची. ह्यातलं कशात जीव आहे ते दाखव, मग सोडते. तिनं माझा दंड सोडला. घरी येताना ती पुढं आणि मी मागं, आणि अण्णा आमच्या दोघींच्या मधे.

नियम घेणं सोपं गेलं, पाळणं जड. चांगला कुंचला एकदा हातात आल्यावर चावलेली काडी काय कामाची? मी कापूस गुंडाळून बघितला, तो रंग पितो आणि परत देत नाही. काथ्या ओरखडे काढतो. केळीच्या दोऱ्यानं बरं चाललं, पण तो कुजतो. नवं सुती फडकं खळीमुळं पाणीच घेईना. दोरीवरचा तो धुतलेला कागद वाळून कधीचा भिंतीला टेकवलेला होता. हळदीचे पुसट डाग आणि मधे माझा हत्ती. एका सकाळी आडावर पोहरा सोडत असताना आक्काच्या गाळण्यावर माझा हात पडला. वर्षानुवर्षं रोज पाणी ओतून ते कापड इतकं मऊ झालं होतं की ओल्यावर बोटांना लागत नव्हतं. पाणी भरून घेत होतं आणि पिळलं की थेंब थेंब सोडत होतं, सांगू तेवढंच. मी आत जाऊन कात्री आणली आणि त्याची एक पट्टी कापली. हंडा उघडा पडला, घरात दुसरं गाळणं नव्हतं, आणि नवं शिवेपर्यंत कुणालाही पाणी पिता येणार नव्हतं. एवढा गोंधळ आमच्या घरात अण्णांच्या दुकानात चोरी झाली तेव्हाही उडाला नव्हता.

"गाळणं कुणी फाडलं?" आक्का परड्यात उभी राहून म्हणाली.

मी म्हटलं, "मी. कुंचल्याला."

"किती जीव वाचीवलेलं कापड हाय ते, पद्मे."

"म्हणून तर घेतलं," मी म्हटलं.

 तिनं हात उगारला होता तो तसाच कमरेवर गेला. मग वळून तिनं अव्वाला सुई-दोरा मागितला, आणि दुपारपर्यंत आम्ही सगळे तहानलेले बसून होतो.

आज माझ्या घरात पाण्याचं मशीन आहे, तरी नळाला मी सुती कापड बांधते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं की म्हातारी फार धार्मिक. धार्मिक मी आहे, पण ते कापड मी रंगासाठी मुरवते. वर्षभर पाणी गाळल्याशिवाय ते माझ्या उपयोगाचं होत नाही. भाची नायलॉनचे कुंचले आणते. त्यात जीव नाही, ते माझ्या नियमात बसतात, मला माहीत आहे. सगळ्या आयुष्याचं वळण पडल्यावर आता हात का बदलू? आणि पेपरातल्या त्या मुलाला माझी कड सुटलेली दिसली ती सुटलेली नाही, ती कापडाची कड आहे.

तेव्हा त्या धुतलेल्या कागदावर मी सोळा स्वप्नं पुन्हा काढली. काडीला गुंडाळलेली गाळण्याची पट्टी, बारीक कामाला तिचाच एक पिळलेला धागा. कुंचल्याचं सफाईदार काम यात नव्हतं. समुद्र जास्त खवळला, सिंह जरा ओबडधोबड झाला, पण अग्नी आधीपेक्षा चांगला पेटला. बस्तीत ते लावून घेतील अशी आशा नव्हती, मी विचारायलाही गेले नाही. आमच्या घराचा ओटा रस्त्यावर होता आणि बस्तीला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोरूनच जावं लागे. ओट्याच्या भिंतीवर मी स्वतः खिळा ठोकला. अण्णा दुकानाला निघाले होते. त्यांनी बघितलं, आणि चित्र दिसावं म्हणून भिंतीला टेकलेली आपली सायकल बाजूला घेतली. त्या माणसाकडून मला मिळालेला तो एकुलता एक शब्द.

पेठेतून लोक जाताना थांबायचे. तालमीतले पोरगे ओल्या अंगानं उभे राहायचे, पेंटरमामा एकदा येऊन बघून गेले. बस्तीतल्या बायका नमस्कार करायचा की नाही या विचारात हात अर्धवट उचलायच्या. आक्का मात्र रोज पूजेची थाळी घेऊन मान पुढं करून सरळ निघून जायची. असे कितीतरी दिवस गेले. मग एके सकाळी मी ओटा सारवत होते आणि ती समोर थांबली. थाळी एका हातावर घेतली, पदर सावरला आणि सोळाच्या सोळा स्वप्नं सावकाश बघितली, शेवटच्या अग्नीपासून पहिल्यापर्यंत उलटी. हत्तीपाशी आल्यावर तिची मान वाकडी झाली.

"हत्ती याबी खेपला ऱ्हायलाच," ती म्हणाली.

माझे हात शेणानं भरलेले होते. मी उठले नाही.

"ऱ्हायला न्हाई, आक्का. ठेवलाय."